गाडीला घरी पॉलिश करायचंय? हात, मशीन आणि बाटल्यांच्या गर्दीतून वाट

काळी, गडद निळी किंवा मरून गाडी घेतली की वर्षभरात एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागते. सावलीत गाडी झकास दिसते, पण उन्हात किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली बॉनेटवर गोल गोल बारीक रेघांचं जाळं चमकतं. मग माणूस ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो, ‘पॉलिश द्या’ म्हणतो, मिळेल ती डबी आणतो आणि दंड भरून येईपर्यंत घासतो. चारचौघांत मिरवण्यापुरती चमक येतेही. दोन-तीनदा गाडी धुतली की जाळं पुन्हा हजर.

कारण साधं आहे. त्या डबीने रेघा घालवल्याच नव्हत्या, तेला-मेणाने बुजवल्या होत्या. रेघ खरोखर घालवायची तर तिच्या आजूबाजूचा थर तिच्या तळापर्यंत झिजवावा लागतो, आणि झिजलेला थर परत येत नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला एकच प्रश्न डोक्यात ठेवा: यापेक्षा कमी घासून भागेल का?

१. घासताय कशावर, ते समजून घ्या

पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. डेंटिंग-पेंटिंगवाले त्याला ‘लॅकर’ किंवा नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सगळं मिळून १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास भरतं. त्यातला क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

हलक्या पॉलिशचा एक हात साधारण एक-दोन मायक्रॉन नेतो. जोरदार कंपाऊंड, म्हणजे जाड दाण्याचं पॉलिश, त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा जास्तही. हिशोब वरवर परवडणारा दिसतो. पण उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवण्याचं कामही हाच थर करतो. तो फार पातळ झाला की टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे पडतात, पापुद्रे सुटतात. जुन्या गाड्यांवर तुम्ही ते पाहिले असतील. तिथे कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही, पॅनल रंगवावंच लागतं.

पद्मिनी, ॲम्बॅसिडरसारख्या जुन्या गाड्यांच्या साध्या रंगावर बहुधा वेगळा क्लिअर नसतो, थेट रंगच घासला जातो. शंका असेल तर कुठल्यातरी आडोशाच्या जागी फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर क्लिअर नाही. गाडी पांढरी असेल तर फडकं काळं घ्या, नाहीतर काही कळणार नाही.

२. दोष कोणता, ते ओळखा

गाडी स्वच्छ करून उन्हात उभी करा, किंवा पार्किंगमध्ये एक चांगला एलईडी टॉर्च तिरका धरून बघा. ट्यूबलाइटखाली काहीच दिसत नाही, त्यामुळे सोसायटीच्या तळघरात ‘झाली की चकाचक’ वाटलेली गाडी गेटबाहेर आल्यावर तोंडघशी पाडते.

गोल जाळं असेल तर ते बहुतेक वेळा कोरडी धूळ फडक्याने पुसल्यामुळे आलेलं असतं. हे पॉलिशचं काम.

पांढरे गोल ठिपके असतील तर ते क्षाराचे डाग. बोअरवेलच्या पाण्याने धुतलेली किंवा बागेच्या फवाऱ्याशेजारी उभी राहणारी गाडी हमखास अशी होते. आधी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन भिजवलेलं फडकं डागावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. सावलीतच करा. क्षार वरवरचा असेल तर निघून जातो. तरीही कडा दिसत राहिली तर डागाने क्लिअर कोरलाय, तिथे पॉलिश लागेल. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच: ताजी असताना ओल्या फडक्याने उचलली तर काही होत नाही, दोन दिवस उन्हात भाजली की खड्डा पडतो.

पार्किंगच्या खांबाला घासल्यावर बंपरवर दिसणारा पिवळा-पांढरा पट्टा पाहून घाबरू नका. त्यातला बराचसा खांबाचाच रंग वर चिकटलेला असतो. फडक्यावर थोडं कंपाऊंड घेऊन हाताने घासलं की तो निघतो आणि खाली खरा ओरखडा किती आहे ते कळतं. थिनर लावू नका. पॅनल एकदा बाहेर रंगवलेलं असेल तर थिनर रंगासकट घेऊन येतो.

उरला सुटा ओरखडा. त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही. त्याच्या कडा मऊ करून नजरेत कमी येईल इतपत ठेवा, पत्रा दिसत असेल तर टचअप पेन लावा. तो घालवायचाच म्हणून एकाच जागी घासत बसणं ही नवशिक्यांची सगळ्यात महागडी हौस.

३. हात, डीए की रोटरी?

हाताने होणारं काम मर्यादित आहे, पण कमी लेखू नका. दाराच्या हँडलमागचे नखांचे ओरखडे, एखादा डाग, आरशाचं कव्हर, खांबाचा पट्टा, एवढ्यासाठी मशीन काढायची गरज नाही. आख्खी गाडी हाताने एकसारखी करणं मात्र जवळपास अशक्य. पहिल्या दाराला जो जोर लागतो तो चौथ्याला राहत नाही.

रोटरी म्हणजे एकाच अक्षावर गोल फिरणारं मशीन. गॅरेजमधले लोक ‘रबिंग मारतो’ म्हणतात ते बहुधा याच मशीनने. कापतं जोरात, तापवतंही जोरात, आणि सफाईदार हात नसेल तर उन्हात हलणारे धुरकट पट्टे मागे ठेवतं. त्यांना होलोग्राम म्हणतात. सराईत कारागीर रोटरीने सुंदर काम करतो, पण शिकायची जागा तुमच्या गाडीचं बॉनेट नव्हे. भंगारवाल्याकडून एखादं जुनं बॉनेट आणून त्यावर हवं तेवढं शिका.

ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए, एकाच वेळी गोलही फिरतं आणि डळमळतही. जास्त दाबलं किंवा तिरकं धरलं तर पॅडचं फिरणं मंदावतं किंवा थांबतं, आणि यातच नवशिक्याची सुरक्षितता आहे. डळमळण्याची व्याप्ती मिलिमीटरमध्ये देतात: ८, १५, २१. इटलीची रूपेस, जर्मनीची फ्लेक्स ही या क्षेत्रातली मोठी नावं, किंमतही तशीच. घरच्या वापराला ८ किंवा १५ मिलिमीटरचं, वेग कमी-जास्त करता येणारं साधं डीए पुरतं. २१ चं मशीन सपाट बॉनेटवर भराभर काम उरकतं, पण आपल्याकडच्या छोट्या, वळणावळणांच्या हॅचबॅकवर त्याचं पॅड सारखं अडखळतं. घेताना आणखी एक बघा: ५ इंची बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड चिकटवायची चकती, आहे का? त्या मापाचे पॅड सहज मिळतात.

ड्रिल मशीनला लावायचे पॉलिशिंग पॅड मिळतात. तो पैसा वाचवा. आणि अँगल ग्राइंडरला पॅड लावून कोणी ‘होऊन जातंय’ म्हणालं तर गाडी घेऊन निघून या. चार इंची ग्राइंडर मिनिटाला १०-११ हजार फेरे फिरतो. पॉलिशिंगची रोटरी साधारण ६०० ते ३००० मध्ये चालवतात.

४. बाटली कुठली?

दुकानातल्या फळीवर पन्नास बाटल्या असल्या तरी काम तीनच प्रकारचं आहे.

कंपाऊंड: दाणा जाड, कापतं जास्त. खोल जाळं आणि मृत, चुनकट झालेल्या रंगासाठी.

पॉलिश: दाणा बारीक. हलकं जाळं काढतं आणि कंपाऊंडने आलेला धुरकटपणा घालवून खोल चमक आणतं.

वॅक्स किंवा सीलंट: दाणा नाही, किंवा नावापुरता. काही काढत नाही, वर संरक्षक थर देतं.

डबीत मिळणारं बरंचसं ‘क्रीम पॉलिश’ या तिसऱ्या घरातलं असतं. वाईट नसतं, पण त्याच्याकडून जाळं जायची अपेक्षा करू नका. बाटलीवर ‘कट’ आणि ‘ग्लॉस’ अशी पट्टी छापलेली असेल तर ती बघा. मेन्झर्नासारख्या कंपन्या नावातच आकडा देतात: ४०० म्हणजे जोरदार कट, २५०० मध्यम, ३८०० अगदी शेवटची सफाई. आकडा मोठा तसा दाणा बारीक, पॉलिश पेपरसारखंच. मेग्वायर्सची पद्धत वेगळी, तिथे एम १०५ कापणारं आणि एम २०५ सफाईचं. एम १०५ आपल्या उन्हाळ्यात फार लवकर सुकतं आणि पीठ उडवतं. नवख्याने त्याऐवजी त्यांचंच अल्टिमेट कंपाऊंड घ्यावं, ते हाताखाली निवांत चालतं.

दाण्यांचाही एक स्वभाव असतो. काही उत्पादनांतले दाणे घासता घासता फुटून बारीक होतात. ती मध्येच पुसून टाकली तर अर्धवट फुटलेल्या दाण्यांचे ओरखडे राहतात, म्हणून पूर्ण वेळ द्यावा लागतो. काहींतले दाणे शेवटपर्यंत तेवढेच राहतात, तिथे दोष गेला की थांबायला हरकत नाही. आपलं कुठलं आहे ते बाटलीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात वाचून घ्या.

सुरुवातीला एक बारीक पॉलिश, एक मध्यम पॉलिश, एक कंपाऊंड आणि एक सीलंट एवढंच घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी कंपाऊंड आणूच नका. निम्म्या-अधिक गाड्यांना त्याची गरज पडत नाही, आणि घरात असलं की वापरायचा मोह होतो.

डब्यातलं घट्ट रबिंग कंपाऊंड पेंटरच्या कामाचं आहे, कारखान्याच्या रंगावर नको. टूथपेस्टनेही थोडं घासलं जातं हे खरं, पण तिचा दाणा रंगासाठी केलेला नसतो. ‘एका फटक्यात ओरखडा गायब’वाले पेन आणि जादूचे रुमाल यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

पॅडमध्ये फोमचे तीन प्रकार: कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग. रंगावरून ओळखू नका. एका कंपनीचा पिवळा कटिंग असतो तर दुसरीचा पिवळा फिनिशिंग. मायक्रोफायबर आणि लोकरीचे पॅड जोरात कापतात, ते नंतर कधीतरी.

५. सामानाची यादी

- डीए मशीन, ५ इंची बॅकिंग प्लेट
- पॉलिशिंग पॅड चार (एकाच पॅडने आख्खी गाडी केली तर तो भरतो, तापतो आणि वेल्क्रो सुटतो), फिनिशिंग एक-दोन
- बंपर आणि गाडीच्या काचांमधल्या खांबांसाठी ३ इंची प्लेट व पॅड, जमलं तर
- हाताने लावायला फोमचे दोन ॲप्लिकेटर
- मायक्रोफायबरची फडकी दहा-बारा, ३०० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाचा जाडपणा), कडेची शिवण मऊ असलेली
- क्ले बार (रंगात रुतलेले कण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा) आणि त्याचं लुब्रिकंट
- कार शाम्पू, दोन बादल्या, वॉश मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा)
- मास्किंग टेप, रंगावरून सहज निघणारा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्प्रे बाटली
- पॅड साफ करायचा ब्रश
- एलईडी टॉर्च
- तीन पिनांची जाड एक्स्टेंशन वायर, चष्मा, मास्क

डीए मशीन घरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर आरामात चालतं. पार्किंगमधला पॉइंट सोसायटीच्या कॉमन मीटरवर असेल तर सेक्रेटरींना आधी विचारा; मशीन सुरू केल्यावर ही चर्चा फार लांबते.

६. धुणं आणि क्ले

हा टप्पा उरकला तर पुढचं सगळं वाया. पॅडखाली एक वाळूचा कण राहिला की मशीन तुमच्याच हाताने नवे ओरखडे पाडतं.

सोसायटीत पाइप चालत नसेल तर वॉशिंग सेंटरवर जा आणि स्पष्ट सांगा: ‘नुसतं प्रेशर मारा, फडकं लावू नका, टायर पॉलिश नको.’ टायरचं ते सिलिकॉन पॅनलवर उडतं आणि नंतर डोक्याला ताप होतो. घरी येऊन दोन बादल्यांनी धुवा, एकीत शाम्पू, दुसरीत मिट खंगाळायला साधं पाणी. वरून खाली. चाकं आणि खालचे भाग शेवटी, वेगळ्या फडक्याने.

सुकल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. ते रंगात रुतलेले ब्रेकच्या धुळीचे, लोखंडाचे, सिमेंटचे कण. रेल्वे रुळाजवळ किंवा बांधकामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर फारच. क्लेचा तुकडा चपटा करा, लुब्रिकंट सढळ हाताने मारा, दाब न देता सरळ रेषेत फिरवा. खरखर थांबली की पुढे सरका. क्ले मळला की घडी घालून नवी बाजू काढा. खाली पडला तर टाकून द्या. महाग आहे म्हणून धुऊन परत वापरायचा नाही, त्यात खडे अडकलेले असतात.

७. मास्किंग

काळं रबर, खडबडीत प्लॅस्टिक, बॅज, हेडलाइटच्या फटी, सगळीकडे टेप लावा. पॉलिश सुकून काळ्या प्लॅस्टिकवर बसलं की पांढरा डाग निघता निघत नाही. बॉनेटच्या आणि दारांच्या कडा, अंगावरच्या उठावदार रेषा यांवरही टेप हवीच. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो. रंग जातो तो नेहमी कडेला.

८. चाचणीचा चौकोन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बॉनेटवर साधारण दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करा: फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश. एक पूर्ण फेरी करा, पुसा. मग अल्कोहोलचं पाणी (एक भाग अल्कोहोल, पाच-सहा भाग पाणी) फवारून पुन्हा पुसा, म्हणजे पॉलिशमधलं तेल निघून जाईल आणि बुजवलेल्या रेघा उघड्या पडतील. आता टॉर्च तिरका धरा.

जाळं सत्तर-ऐंशी टक्के गेलं? बस्स. तीच जोडी सगळ्या गाडीला. नाही गेलं तर पॉलिश तेच ठेवून पॉलिशिंग पॅड लावा. तरी नाही, तर मध्यम पॉलिश. तरीही नाही, तेव्हाच कंपाऊंड. एका वेळी एकच गोष्ट बदला. पॅड आणि बाटली दोन्ही एकदम बदललं तर गुण कशाचा ते कळत नाही.

शंभर टक्क्यांच्या मागे लागू नका. रोज पुणे-मुंबई करणाऱ्या गाडीला उरलेल्या वीस टक्क्यांसाठी क्लिअर खर्च करण्यात शहाणपण नाही. स्पर्धेत उभी करायची असेल तर गोष्ट वेगळी.

रंगही मऊ-कडक असतात. जपानी कंपन्यांच्या गाड्यांचा, विशेषतः काळा रंग, मऊ. जर्मन कंपन्यांचा कडक, असा बहुतेकांचा अनुभव आहे. मऊ रंग लवकर सुधारतो पण धुरकटही लवकर होतो. पण ऐकीव माहितीवर विसंबू नका, चौकोन काय सांगतो ते बघा. एकाच गाडीत मागे कधी रंगवलेलं दार वेगळं वागतं. तिथे नवा चौकोन.

जाडी मोजायचं गेज भाड्याने किंवा उसनं मिळालं तर जरूर घ्या. एखाद्या पॅनलवर आकडा २०० च्या वर दिसला तर तो बहुधा पुन्हा रंगवलेला. ८०-९० च्या आत दिसला तर फक्त वॅक्स लावा आणि पुढे चला. साध्या गेजला प्लॅस्टिकच्या बंपरवर आकडा येत नाही.

९. मशीन चालवताना

गाडी सावलीत हवी, पत्रा थंड हवा. मे महिन्यात दुपारी हे काम काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उत्तम.

बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारा. मशीन चालताना ही रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थरथरत एका जागी थांबली तर तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरका आहे. या एका रेघेने जेवढं शिकायला मिळतं तेवढं व्हिडिओ बघून मिळत नाही.

नव्या पॅडला आधी पॉलिशचा पातळ हात सगळीकडे बोटाने लावून घ्या. त्यानंतर प्रत्येक चौकोनाला वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात. वायर खांद्यावरून पाठीमागे टाका, घड्याळ-अंगठी-पट्ट्याचं बक्कल काढून ठेवा. पॅड पत्र्यावर टेकवा आणि मगच मशीन सुरू करा, नाहीतर पॉलिशची रांगोळी शेजारच्या गाडीवरही उमटते.

वेग १ वर ठेवून पॉलिश चौकोनभर पसरा. मग ४ किंवा ५. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. बहुतेक जण इथे घाई करतात, इस्त्री फिरवावी तसं मशीन फिरवतात आणि मग ‘काही फरक नाही’ म्हणून कंपाऊंड आणायला जातात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. आधी आडवे पट्टे, मग उभे. अशा चार ते सहा फेऱ्या. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त.

पॉलिशकडे बघत राहा. सुरुवातीला ते दुधाळ, जाड दिसतं. काम होत जातं तसा थर पातळ होतो आणि खालचा रंग दिसायला लागतो. तो तेलकट-पारदर्शक झाला की थांबा. पीठ उडायला लागलं, पॅड कोरडा सुं-सुं आवाज करायला लागला तर उशीर झालाय. अधूनमधून पत्र्याला हाताची मागची बाजू लावा: कोमट ठीक, चटका बसला तर थांबा. प्लॅस्टिकच्या बंपरला उष्णता पसरवता येत नाही, तिथे वेग एक घर खाली आणि फेऱ्या कमी.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. दोन-तीन पॅनल झाले की पॅड बदला. वापरलेलं पॉलिश आणि निघालेला क्लिअर पॅडमध्ये साचला की कट कमी होतो आणि धुरकटपणा वाढतो. क्रम टप, बॉनेट, डिकी, मग दारं. दारांचा खालचा भाग कोणी निरखून बघत नाही, तिथे एक हलकी फेरी पुरते.

१०. हाताने करताना

ॲप्लिकेटरवर दोन थेंब, जागा फूटभर. बोटांची टोकं टेकवू नका, तळवा सपाट ठेवा; टोकांनी दाब एका रेषेत जातो. गोल न फिरवता पुढे-मागे आणि मग आडवं, मध्यम जोराने, मिनिटभर. सुकायच्या आत पुसा. हाताने कंपाऊंड लावलं असेल तर त्याच जागी बारीक पॉलिशचा हात द्यायला विसरू नका, नाहीतर ओरखडा गेला पण जागेवर मंद ठिपका राहिला असं होतं.

मशीन घ्यायचंच नसेल तर ‘क्लीनर वॅक्स’ प्रकारातली एक बाटली घ्या. थोडं घासते, थोडं मेण देते. फिकट रंगाच्या गाड्यांना, पांढऱ्या आणि चंदेरीला, एवढं बहुतेकदा पुरतं.

११. तपासणी आणि संरक्षण

सगळी गाडी अल्कोहोलच्या पाण्याने पुसा आणि उन्हात फिरवून बघा. कंपाऊंड वापरलं असेल तर धुरकटपणा इथे दिसेल. त्यावर फिनिशिंग पॅड आणि बारीक पॉलिश. त्यानंतरच वॅक्स किंवा सीलंट, अगदी पातळ. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसायला फक्त त्रास होतो. ब्राझीलच्या ताडाच्या जातीच्या झाडापासून निघणारं कार्नाउबा मेण दिसायला देखणं, पण आपल्या उन्हात महिना-दोन महिनेच धरा. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने काढतो. सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर पॉलिश आधीच पूर्ण हवं, कारण राहिलेलं जाळं त्याखाली बंद होतं.

१२. इथे मशीन लावू नका

मॅट रंगाला पॉलिश कधीच नाही. घासलेली जागा चमकते आणि ती परत मॅट होत नाही. पीपीएफवर, म्हणजे रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मवर, त्या फिल्मच्या कंपनीने सांगितलेलंच वापरा. ताज्या रंगवलेल्या पॅनलवर निदान महिनाभर वॅक्स नको, आणि पेंटर जास्त सांगत असेल तर त्याचं ऐका. पापुद्रे सुटलेल्या क्लिअरला हातही लावू नका, कड धरून आणखी निघतो. पाण्याच्या पेपरने, म्हणजे ओल्या पॉलिश पेपरने, ओरखडे घासून काढायचे व्हिडिओ बघण्यापुरतेच ठेवा.

काम बाहेर देणार असाल तर दुकानात तीन गोष्टी विचारा: जाडी मोजता का, आधी चौकोन करून दाखवाल का, आणि गाडी उन्हात दाखवून ताब्यात द्याल का. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान बघा.

१३. नंतर

पॅड त्याच दिवशी कोमट पाण्यात साबणाने पिळून, तोंड खाली करून सुकवा; रात्रभर राहिले की पॉलिश आत दगड होतं. फडकी वेगळी धुवा, फॅब्रिक कंडिशनर न घालता, कारण त्याने मायक्रोफायबर बुजतं.

मग सकाळी गाडी पुसणाऱ्या दादांशी बोला. एकाच बादलीत आठ गाड्या आणि एकच फडकं, हे त्या जाळ्याचं मूळ आहे. त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढ्या पैशांत तेवढाच वेळ मिळतो. पगार तोच ठेवा, काम बदला: रोज फक्त काचा, आणि आठवड्यातून एकदा तुमची बादली, तुमचा मिट, तुमचं फडकं. डिकीतला धूळ झटकायचा मोठा झाडूही घरी ठेवून द्या. आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना जॉब कार्डवर ‘वॉशिंग नको’ असं लिहून घ्या. सुपरवायझर ‘फ्री आहे सर’ म्हणेल, तरी लिहून घ्या.